हळदीच्या पाण्याने काढलेला पोचा

आमच्या घरात गाडीची किल्ली देवघरातल्या खुंटीला असते. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो, पण किल्लीवर राज्य त्याचंच. गाडी मी चालवते हे त्याने मोठ्या मनाने चालवून घेतलं होतं. अट एकच. "एक ओरखडा जरी दिसला, तर किल्ली माझ्याजवळ." मी हिंगोलीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचे. सुटायला रात्र व्हायची आणि नरसीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावाकडे येणारी शेवटची काळीपिवळी जीप त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असायची. म्हणजे किल्ली गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की मी आहे आणि हे अंगण आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाला अंगणात हळद शिजवायचं काम चाललं होतं. ट्रॅक्टरवाला ट्रॉली मागे घेत होता आणि सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणते, पदर खोचून त्याला हात दाखवत होत्या. "येऊ द्या, येऊ द्या, लय जागा हाय!" जागा संपली तिथे गाडी उभी होती. पांढऱ्या बंपरवर चांगला ताटलीएवढा पोचा पडला.

मी तेव्हा ओसरीवर बसून डबा भरत होते. पण नवऱ्याला कोण पटवणार? बाई गाडी चालवते आणि गाडीला पोचा आहे, एवढ्यावर त्याचा निकाल तयार असतो. त्यात तो दुसऱ्याच दिवशी सकाळी येणार होता. हिंगोलीतला डेंटिंगवाला त्याचा वर्गमित्र, गाडी तिकडे नेली असती तर संध्याकाळच्या आत पुण्याला फोन गेला असता.

मामी म्हणाल्या, "म्या सांगते त्याला, माझ्यामुळं लागली म्हणून." मग स्वतःच म्हणाल्या, "पर मंग तो म्हणंल, गाडी इथं अंगणात ठेवूच नका. ते बी तेच की."

मामींचाही जीव त्या गाडीत होता. त्यांची लेक कळमनुरीला. गाडी यायच्या आधी दोघींची भेट सणावारालाच व्हायची, आता माझ्या सुट्टीच्या दिवशी मामी सकाळीच पातळ बदलून ओट्यावर बसलेल्या असत.

मी लॅबला फोन करून सुट्टी घेतली आणि मोबाईलवर पोचा काढायचे व्हिडिओ लावले. सगळ्यांत एक हसरा माणूस हसत हसत पोचा काढतो. लग्नात आलेला केस वाळवायचा ड्रायर काढला, बंपर तापवून वरून बर्फ फिरवायचा होता, पण तापायच्या आतच लाईट गेली. मग मोरी तुंबल्यावर दाबायचा रबराचा पंप आणला. तो चिकटला, मी पाय रोवून ओढला आणि पंपासकट मागे शेणात बसले. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मुळीच हसू आलं नाही.

तिसरा उपाय उकळत्या पाण्याचा. पाणी ओतून प्लास्टिक मऊ करायचं आणि लगेच आतून हात घालून ढकलायचं. मी पोतं अंथरून गाडीखाली आडवी झाले आणि ओरडले, "मामी, पाणी आणा, ओता!" त्यांनी भसकन बादली ओतली. मी हात आत घातला, लाटण्याने रेटा दिला आणि टप्पकन आवाज आला. पोचा बाहेर. हात मात्र आत. बांगड्या कशात तरी अडकल्या होत्या.

तशीच पडून राहिले. डोळ्यांसमोर टायर आणि पलीकडे हळदीचा ढीग. घरातून बाहेर जायचा माझा एवढाच एक रस्ता आणि मी त्यालाच अडकले होते. मला इतका राग आला की रडू फुटलं. मामींनी खाली वाकून तेलाचं बोट आत घातलं, एकेक बांगडी सोडवली. बांगडी फोडा असं मला म्हणूसुद्धा दिलं नाही.

उभी राहून पाहते तर बंपर सपाट आणि पिवळाधमक.

"मामी, हे पाणी कुठलं?"

"हळदीच्या ड्रमातलं. उकळूनच राहिलं व्हतं, उगा गॅस काहून जाळायचा?"

साबण लावला तर पिवळं होतं ते लालसर झालं. हळदीचा डाग उन्हात उडतो हे आम्हा दोघींनाही माहीत, पण ऊन मावळतीला लागलं होतं. मामी कमरेवर हात ठेवून डागाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता वरून कुंकूच लाव." त्यांनी डागावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, लिंबूमिरची बांधली. गाडी शोरूममधून आत्ताच आल्यासारखी दिसू लागली.

सकाळी नवरा आला. गाडीभोवती फिरला, खाली वाकला, हार उचलून बघितला.

"पूजा केली व्हय?"

"मग! लक्ष्मीच हाय ती," मामी म्हणाल्या.

तो खूश झाला. जेवताना म्हणाला, "गाडी लय बेस ठेवली तुमी. मला वाटलं ठोकून ठोकून डबडं झालं असंल." आणि भाताला हात घालता घालता पुढे म्हणाला, "तिकडं मला रोज बसनं तकलीफ व्हते. एवढी चांगली गाडी खेड्यात धूळ खात काहून ठेवायची? जाताना घेऊनच जातो."

मी म्हणाले, "अहो, माझी लॅब?"

"बघू काहीतरी," तो म्हणाला आणि ताक मागितलं.

रविवारी दुपारी तो आमचा हार घातलेली गाडी घेऊन गेला. सोमवारी मी लॅबला फोन करून सांगितलं की यापुढे येणं जमणार नाही. मामी मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

"पोचा तसाच ऱ्हाऊ द्यायचा व्हता गं," त्या म्हणाल्या.

तसाच राहिला असता तर त्याने किल्ली तेवढी नेली असती आणि गाडी इथे अंगणात, आमच्या डोळ्यांसमोर नुसती उभी राहिली असती.