होडीची आतली बाजू

मंडळी, या वयात आज सकाळी मी धाकट्या भावावर जळलो.

किसन नातवंडांना मोशीच्या आमच्या होडीबद्दल सांगत होता. पन्नासच्या दशकात वडील, म्हणजे आमचे दादा, इंद्रायणीवर माणसं पलीकडे सोडायचे. पावसाळा सरला की होडी काठावर ओढायची, लाकडातली ओल जाईस्तोवर सुकवायची आणि मग आम्ही दोघं कामाला लागायचो. मी बाहेरून शेवाळ खरवडून डांबर फासायचो. किसन आतल्या फळ्या घासून जवसाचं तेल लावायचा. होडीत बसणारी माणसं त्या चकचकीत फळ्यांवर हात फिरवून त्याचं कौतुक करायची. माझं काम पाण्याखाली जायचं.

आज नातवंडंही त्याच्याकडेच कौतुकानं बघत होती. न राहवून मी म्हणालो, "लई जळायचो मी तुझ्यावर."

तो बघतच राहिला. "आन् मी तुझ्यावर. बाहेरचं काम चुकलं तर होडी बुडायची, म्हणून दादा दिवसभर तुझ्यापाशी उभं असायचं. माझ्याकडं कधी फिरकलं न्हाईत."



तुमच्या भावंडांना तुमच्या कशाचा हेवा वाटायचा, कधी विचारलंय?