बायकांच्या बराकीतला फॉर्म

दर मंगळवारी मी तुरुंगात व्यसनमुक्तीचे फॉर्म भरायला जाते. पुरुषांच्या बराकीत पेनाला उसंत नसते. दारू, गांजा, खोकल्याचं औषध. केलेलं सांगतात, न केलेलंही फुशारकीने सांगतात. बायकांकडे मात्र काम झटपट आटपायचं. "नशा करता का?" नाही. नाही. नाही. खरं सांगते, मला बरंच वाटायचं. लवकर घरी निघता यायचं.

त्या मंगळवारी नारपोलीची एक बाई होती, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी. आत येऊन दोनच दिवस झाले होते. तिनेही नाही म्हटलं. सही करताना तिचा हात थरथरत होता. उठता उठता तिने विचारलं, "मॅडम, घर पे जो गोली खाती थी, वो मिलेगी क्या? नींद नहीं आती." डॉक्टरांना सांग, म्हटलं आणि मी पुढचा फॉर्म ओढला.

बुधवारी सकाळी अंजूरला घरी आई ओटीवर बसली होती. आमच्या तुरुंगातल्या बायकांना कसलंच व्यसन नाही, असं मी तिला कौतुकाने सांगत होते.

"मना तरी कसला हाय?" आई म्हणाली. तंबाखूच्या मिश्रीचं बोट अजून दातांवरच होतं.

आई मिश्रीला व्यसन म्हणत नव्हती, तशी ती बाई गोळीला नशा म्हणत नसणार. झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेऊन एकदम बंद केली तर झटके येतात, जीवही जातो. हे मला शिकवलेलं होतं, आणि तरी मी शहाणीने 'नाही'वर खूण केली होती. तुरुंगात तीनदा फोन लावला. "तुमचा वार मंगळवार ना?" एवढंच उत्तर मिळालं. चहा तसाच टाकून रिक्षा पकडली. गोदामांच्या ट्रकांमागे ती अडकली, तेव्हा मी वज्रेश्वरीला नवस बोलून बसले. एरवी कुणाला अंगारासुद्धा लावू देत नाही मी.

बराकीत ती बाई भिंतीला टेकून बसली होती, घामाने चिंब. जिवंत होती.

"कालपासून नाटकं चाललीत हिची," शिपाईबाई म्हणाल्या.

डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि या वेळी नशा हा शब्दच न काढता विचारलं, झोपायला काय घ्यायचीस?

"चार साल से गोली. मेरा आदमी ही लाता था. पहले एक, फिर तीन."

मी फॉर्म दुरुस्त करायला घेतला, तशी तिने माझं मनगट धरलं. "नशा मत लिखो, मॅडम. ससुरालवाले मेरी बेटी वापस नहीं देंगे."

लिहिल्याशिवाय तिचं नाव उपचारांच्या यादीत जाणार नव्हतं. मी लिहिलं. माझी मलाच चीड आली, पण लिहिलं.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. "मर्दों का भी यही लिखते हो?"

"हां."

"तो उनके बच्चे कौन ले जाता है?"

मी पेन तिच्यापुढे धरलं. तिने सही केली.