कौलं परतणारा

दर वैशाखात आमच्या घराची कौलं परतायला तो पावस गावाहून यायचा. एकेक कौल बोटाने वाजवून, कानाशी धरून ऐकायचा आणि मगच बसवायचा. कामात खोट काढायला जागा नव्हती. डोक्याचं मात्र विचारू नका.

डोकं बिघडलं की कुणीतरी विहिरीत विष घातलंय म्हणत तो दिवसचे दिवस पाण्याला शिवायचा नाही. मग त्याचे भाऊ त्याला धरून इस्पितळात न्यायचे. गोळ्या लागू पडल्या की महिन्या-दोन महिन्यांत माणसात यायचा. आणि माणसात आला की गोळ्या बंद!

"मास्तर, मी आता बरा हाय. बऱ्या माणसान गोळ्या कशाला खायच्या?"

हे मी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा घसा फोडून सांगितलं, बाबा रे, सोडू नकोस.

एका वर्षी आमच्या छपरावर टीव्हीचा नवाकोरा अँटेना बसला होता. त्याला धक्का नको म्हणून मी म्हटलं, "यंदा राहू दे. गेल्या पावसात थेंबभर गळलं नाही."

तो शिडीवरूनच कडाडला, "गळला नाय, तो मी परतली म्हणून! एक वर्स सोडून बघा!"

"मग गोळ्यांचं तरी वेगळं काय आहे?"

तो शिडीवरून खाली उतरला, हात धुतले, खिशातली पुडी काढून माझ्यासमोर गोळी गिळली. मला वाटलं, जिंकलो.

दिवाळीत तो नवा सदरा घालून फराळाला आला.

"मास्तर, एकदम बरा हाय. गोळ्या सोडल्या."

मी कपाळावर हात मारला. निघताना त्याने छपराकडे पाहून मलाच बजावलं, "वैशाखात येतो. कौलांची हयगय करू नका."