तिसरी किल्ली

"बाबा, माझ्या नव्या खोलीच्या किल्ल्या दोनच ना? मग ही तिसरी तुमच्या खिशात कशी?"

"असू दे गं. तुझ्या दोन्ही हरवल्या तर?"

"दोन्ही? एकाच दिवशी?"

किल्लीवाला गडबडला. तीस वर्षं तो किल्ल्या घासत आला होता, पण कुणा गिऱ्हाइकाची जादा किल्ली त्याने कधी ठेवून घेतली नव्हती. लेकीच्या वेळी मात्र हातातली कानस थांबेचना.

"दर रविवारी ध्यानाला जाता ना? काय सांगतात तिथले भिक्खू?"

"दुःखाचं मूळ तृष्णा. पण मला कुठे काय हवंय? तुझं बरं चालावं, एवढंच."

"आणि तेही तुमच्या डोळ्यांसमोर. मग ही हावच झाली ना, बाबा?"

त्याला ते पटलंही आणि नाहीही. काळजी म्हणजे हाव असेल, तर बापाने करायचं तरी काय? त्याने किल्ली फळीवर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"ही दिली की काळजी जाईल का गं?"

लेकीने किल्ली उचलून पर्समध्ये टाकली आणि ती दुकानाच्या पायऱ्या उतरली.