लॅम्डा आणि माझा फळा

१९७८ सालचा पौष. गुऱ्हाळं जोरात होती. खानावळवाल्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ताटं उचलली की खाली उरतातच.

तेव्हा कारखान्यातले दोन इंजिनिअर, मुजावर आणि मगदूम, संध्याकाळी माझ्या खानावळीतल्या पदार्थांच्या फळ्यावर गणित शिकत. शिकवायला निवृत्त प्रोफेसर चौगुले सर. कमीत कमी डिझेलवर यंत्र कसं चालवायचं, त्या शास्त्राला कंट्रोल थिअरी म्हणतात. ते शिकायला कंपनी पुण्याला पाठवणार होती. पण आधी सरांची गणिताची परीक्षा पास व्हायची. मुजावर एकदा नापास झाला होता. ही शेवटची संधी.

*

मॅट्रिक्सच्या गुणाकारात आधी कुठली, मग कुठली, यानं उत्तर बदलतं. मुजावरला पटेना.

सर म्हणाले, "आधी फोडणी, मग आमटी. उलट करून बघ की!"

मुजावर उठून चुलीकडं निघाला.

"बस खाली," मी म्हणालो. "माझ्या चुलीवर प्रयोग न्हाय."

*

मगदूमनं डिझेलचं गणित सोडवलं. आलेखाचा उतार शून्य आला, म्हणून खूश.

"उतार तळाला शून्य असतो, तसा माथ्यावरही असतो," सर म्हणाले. "तू जास्तीत जास्त डिझेल जाळायची रीत काढलीस! पंपवाला सत्कार करंल तुझा!"

मगदूमनं त्या दिवशी भात घेतला नाही.

*

एका सकाळी फळा अर्धाच पुसलेला राहिला. त्याखालीच मी पदार्थ लिहिले. दुपारी आजऱ्याचा काजूवाला आला.

"मालक, आमटी कळली. वर ते पाय फाकवून हुबं हाय, ते काय?"

तो लॅम्डा. गणितातलं चिन्ह.

"संपलंय," मी म्हणालो.

"चांगलं तेवढंच संपतंय हितं!"

मागं जेवणाऱ्या मुजावरला ठसका लागला.

*

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गणित शेवटाकडून उलटं सोडवत यायचं होतं. मुजावरला ते सुटायला लागलं आणि खडू संपला. तो थांबला नाही. लोखंडावर खुणा करायचा स्क्राइबर खिशातून काढला आणि फळा कोरत सुटला. उत्तर आलं. फळा गेला.

"मामा, सुटलं!"

"दिसतंय. फळ्याचं देणं लागतोस."

"पास झालो की देतो."

"नापास झालास तरी देणार हाईस."

"व्हय."

*

पास झाला. पुण्याला गेला. वर्षभर मी पदार्थ तोंडी सांगितले. घसा बसला. नवा फळा घेतला नाही. देणं त्याच्यावर होतं.

पुढच्या पौषात, भर दुपारच्या गर्दीत, मुजावर आला. खांद्यावर नवा फळा. जुना उतरवला, नवा टांगला. मला विचारून भाकरी, आमटी, भात लिहिलं. मग सगळ्यात वर लॅम्डा काढला आणि त्याच्यापुढं लिहिलं, 'संपलंय.'