मोशीचे पाहुणे आले तेव्हा

एम.ए. करायला मी निघोज्याहून, आमच्या गावाहून, दादाकडं पिंपरीला निघाले तेव्हा आई बैलगाडीतून चाकणपर्यंत सोबत आली. बी.ए.साठी नगरला मावशीकडं राहिले होते, पण तेव्हा परत येणार हे ठरलेलं होतं. या खेपेला कुणी तसं म्हणालं नाही. एस.टी. हलताना आई खिडकीशी येऊन म्हणाली, "दादाला येळंवर जेवायला घाल, आन् तूबी जेव."

दादा पिंपरीच्या कारखान्यात होता, त्याच्याच खोलीवर मी राहायचे. त्याची शिफ्ट सांभाळून भाकऱ्या थापायच्या, खडकीपर्यंत आगगाडी, पुढं विद्यापीठ पायी. प्राध्यापक म्हणायचे, "ग्रंथालयात वाचून या." काय वाचायचं ते सांगत नसत, आणि मला विचारायची लाज वाटे. कितीतरी दिवस मी नुसती वर्तमानपत्रं चाळली.

एके दुपारी ग्रंथपाल लेलेबाई टेबलाशी आल्या. "रोज येता, पुस्तक कसं मागत नाही?"

मी खरं सांगून टाकलं. त्यांनी मला कार्डांच्या खणांपाशी नेलं, विषयावरून पुस्तक कसं शोधायचं ते दाखवलं, अर्थशास्त्रातलं आधी काय वाचायचं, नंतर काय, तेही समजावलं. संदर्भग्रंथ घरी न्यायला मिळत नसत. माझी गाडी चुकून यायला उशीर झाला तरी त्या ते माझ्यासाठी बाजूला ठेवायच्या. अंगात मात्र त्राण उरत नसे. ओळ डोळ्यांपुढं असायची, अर्थ लागायचा नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि आईचा निरोप आला : मोशीचे पाहुणे बघायला येणार आहेत. लग्नानंतर शिक्षण बंद, ही त्यांची अट. मी गेले. घरी पोचल्यावर "जरा पाठ टेकते" म्हणून आतल्या खोलीत आडवी झाले. जाग आली ती चुलत्यांच्या आवाजानं.

"पाव्हणं उठून गेलं! पोरीला उठवली का न्हाई?"

"दमून आलीया ती," आई म्हणाली. "त्वांड बघितलं का तिचं? न्हाई उठवली मी."

स्थळ मोडलं. मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात परतले. भावकीचे टोमणे पुढं किती तरी दिवस आई एकटीच ऐकत राहिली.

मी पास झाले, पुण्यात कॉलेजात शिकवायला लागले, इथलीच झाले. आई गेली. गावाकडच्या बहिणी विचारतात, घराची आठवण येते का? काय सांगू? इथं माझ्या खोलीत हवं तितकं झोपता येतं, कुणी उठवायला येत नाही. पण मला झोपू द्या म्हणून चारचौघांशी भांडणारंही आता कुणी नाही.