वसंताची सरासरी

वसंता गेल्याची बातमी कचेरीत आली तेव्हा मी एक लांबलचक बेरीज करत होतो. ती पुरी केली, खाली रेघ ओढली आणि मगच उठलो. माझा स्वभावच तसला. आकड्यांत माझा हात अख्ख्या तालुक्यात कोणी धरू शकत नाही, असे मी आजही छातीठोकपणे सांगतो... म्हणूनच पुढचे लिहायला हवे.

वसंता शिंपी. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास तो आमच्या गावच्या क्रिकेट संघाचा कीपर होता आणि मी धावांची वही ठेवत असे. मैदान म्हणजे ओहोटीने मोकळी केलेली घट्ट वाळू आणि वर काथ्याची चटई. भरतीचे पाणी चटईला लागले की सामना मोडायचा, आणि मोडलेला सामना कोणीच जिंकत नसे. त्यामुळे पाणी जवळ आले की आमचे कप्तान तात्या फलंदाजीचा क्रम गुंडाळून ठेवत आणि ओरडत, "वसंता, जा रे! पाणी चढता. मार, नायतर आउट हो!" वसंता पॅड बांधत बांधतच पळायचा. दोन-चार टोले हाणायचा आणि बाद होऊन हसत परतायचा. असे कितीतरी सामने आम्ही पाण्याच्या आधी संपवले, जिंकलेसुद्धा.

पुढे फोंडाघाटच्या सामन्यांसाठी संघ निवडायचा होता. आपली विद्या पाजळायची हीच वेळ, असे मला वाटले. जुन्या वह्या काढून मी तालुक्यातल्या सगळ्या फलंदाजांची सरासरी काढली, दुसऱ्या संघांच्या कीपरांची वेगळी काढली आणि देवळाच्या ओसरीवर खणखणीत आवाजात वाचून दाखवली. वसंताची सरासरी तालुक्याच्या निम्मीसुद्धा भरत नव्हती. कीपरांतही तो तळाला. तात्या चुळबुळले. वसंताच उठला. "तेचा गणित कधी चुकता काय?" म्हणाला आणि चपला घालून घरी गेला. त्याच्या जागी दुसरा कीपर घेतला. वसंता त्यानंतर कधीच खेळला नाही. माझे सदरे मात्र तोच शिवत राहिला, आणि या विषयावर आम्ही दोघेही पुन्हा चकार शब्द बोललो नाही.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्या वह्या परत उघडल्या. का, ते सांगता येणार नाही. करमत नव्हते. आमच्याकडे धावा लिहिणाऱ्याने पाण्यावरही नजर ठेवायची असे. पाहतो तर वसंताच्या जवळजवळ प्रत्येक डावासमोर माझ्याच अक्षरात लिहिलेले... 'पाणी जवळ'. सरासरी काढताना मी ती बाजू वाचलीच नव्हती. मग बसलो आणि सगळ्यांचे फक्त 'पाणी जवळ'चे डाव वेगळे काढले. आमचे भले भले फलंदाज त्या घाईत भोपळा घेऊन परतलेले. वसंताच्या जवळपाससुद्धा तालुक्यात कोणी नव्हते. भागाकार तेव्हाही बिनचूकच होता. सावकाश खेळणाऱ्यांच्या तराजूत मी घाईला पाठवलेला माणूस तोलला होता, ही माझी चूक.

कागद घेऊन तडक त्याच्या घरी गेलो. सुमतीवहिनी ओटीवर होत्या. मी उभ्याउभ्याच सगळे वाचले, ओसरीवर वाचले होते तसेच मोठ्याने.

"ह्या तेंका ठावक होता, भावजी," त्या म्हणाल्या.

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"तुमचो मान ऱ्हवाक होयो म्हणान." त्या आत गेल्या आणि कापसाने फुगवलेले, घरीच शिवलेले हातमोजे घेऊन आल्या. तळव्याचा कपडा नवा दिसत होता. "दर आयतवारी उनात सुकत घालीत. मी हसंय, तर म्हणत, तो कधीतरी वही परत बघतलो आणि माका बोलवूक येतलो."

मी ते हातात घेतले. अजून उबदार होते. त्या दिवशी रविवार होता.